गाळ

पाणी गाळून फडक्यात जे उरतं, ते आपण झटकून टाकतो. पण थंडीतल्या सकाळी खटाव तालुक्यातल्या येरळवाडी तलावाच्या काठावर उभं राहावं. इथला यजमान गाळच आहे.

त्याचं मूळ उघड्या माळांवर. वळीव आदळतो, माती सुटते, ओढ्यांतून येरळेत येते. नदी पुढे सांगली जिल्ह्यात शिरते आणि ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. हा मात्र धरणाच्या भिंतीआड मुक्कामाला थांबतो.

स्वभाव अबोल. तलाव भरला की कौतुक पाण्याचं होतं, हा तळाशी निमूट पडून असतो. पाणी हटू लागलं की काठाकाठानं उघडा पडतो. काळा, मऊ, उग्र वासाचा. मग पाहुणे उतरतात. लाल काटकुळ्या पायांचा शेकाट्या, शेपूट हलवत फिरणारा तुतवार, जोडीनं चालणारे चक्रवाक. पाणकणसाच्या आडून वारकरी पोहत निघतो.

आणि रोहित, म्हणजेच अग्निपंख. उथळ पाण्यात तो पाय नाचवून गाळ ढवळतो, मान वाकवून चोच उलटी बुडवतो आणि चोचीतल्या चाळणीनं शेवाळ, बारीक जीव टिपतो. आपण गाळून टाकलेलं तो पुन्हा गाळून घेतो. पिसांचा गुलाबी रंगही त्याला त्याच अन्नातून मिळतो. अग्निपंखाची आग या काळ्या चिखलात पेटते.

दुष्काळी मुलखातला शेतकरीही गाळाला ओळखतो. पाणी ओसरेल तसतसा त्याच्या ओलीवर हरभरा टाकतो, त्याला गाळपेर म्हणतात.

पण गाळ माजला की तलावच गिळतो. जवळच्या मायणीचा इंग्रजी अमदानीतला तलाव त्यानंच उथळ केला. उथळ तलाव उन्हाळ्याआधी आटतो, मग पाखरं कुणाकडे येणार? 2021 मध्ये मायणी परिसर पक्षी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला. तिथला गाळ काढताना एवढं भान हवं: पोटातला काढावा, काठाचा राखावा. आणि माळावर गवत वाढू द्यावं, म्हणजे माती सुटणारच नाही.

उन्हाळा चढतो, पाहुणे उडून जातात. गाळ वाळतो, तडकतो. प्रत्येक ढेकळावर शेकाट्याच्या तीन बोटांचा ठसा असतो. येरळेला पुन्हा पाणी येईपर्यंत तो ते ठसे जपून ठेवतो.