निर्गम उतारा

शाळेचं जुनं दप्तर एका लोखंडी पेटीत होतं आणि पेटीवर खिचडीच्या तांदळाची दोन पोती. ती हलवायला मुख्याध्यापकांनी सातवीतली दोन पोरं बोलावली. पेटी उघडली तसा वाळवीचा आणि ओल्या कागदाचा वास आला. लाल कापडी बांधणीची पाच-सहा रजिस्टरं. सगळ्यात खालच्यावर ठसठशीत अक्षरांत 'कुलाबा डिस्ट्रिक्ट लोकल बोर्ड'. रायगड हे नाव १९८१ साली आलं, त्याच्या कितीतरी आधीचं हे दप्तर.

आम्ही तिघं त्यावर वाकलो होतो. मी, ती आणि तिचा बाप. सर बिचारे उगीच बाजूला उभे. शाई तपकिरी पडलेली, पानं उलटताना कडा हातात येत होत्या. शोधायचं होतं फक्त एवढंच, की ६ सप्टेंबर १९५० च्या आधी तिच्या बापाच्या कुळातला कोणी एखादा पोरगा या शाळेची पायरी चढला होता का.

चौथ्या शाळेत आम्ही आलो होतो. आधीच्या दोन शाळांत दप्तरच १९५४ च्या पुढचं होतं. तिसऱ्या शाळेचं दप्तर २००५ च्या २६ जुलैच्या पुरात भिजून लगदा झालेलं.

ती ठाकर समाजातली. पनवेलहून नेऱ्याच्या पुढं, धोदाणीकडं एसटी जाते. डाव्या-उजव्या हाताला डोंगराच्या पोटात वाड्या आहेत, त्यातल्या एका वाडीतली. माथेरान या बाजूनं अगदी डोक्यावर. तिचा बाप काकड्या, दुधी, रानभाजी टोपलीत घालून पहाटे डोंगर चढतो आणि वर माथेरानच्या बाजारात विकून दुपारी उतरतो. तिचा आजाही तेच करायचा, फक्त तो दूध न्यायचा. ती मात्र खाली उतरली. आधी आश्रमशाळा, मग पॉलिटेक्निक, सिव्हिलचा डिप्लोमा.

माझी तिची ओळख २०१६ ची. मी तेव्हा नुकती रिटायर झाले होते. तीस वर्षं रसायनी-पाताळगंगेच्या पट्ट्यात मेंटेनन्समध्ये काढली, पंपांच्या सिलांनी आणि बेअरिंगांनी डोकं भरलेलं, घरी बसून करायचं काय? काही मैत्रिणींबरोबर रविवारी वाडीवर गणित शिकवायला जाऊ लागले. ती सातवीत होती. अपूर्णांकांना सगळी पोरं घाबरायची, ही घाबरायची नाही. भाकरीचे तुकडे पाडून दाखवायला लागले तर म्हणाली, "बाई, भाकरी नको, तसंच सांगा." तेव्हाच मनात बसलं की हिला इंजिनिअर करायचं.

मी स्वतः ८१ सालची मेकॅनिकलची. साठ जणांच्या वर्गात आम्ही दोघी मुली. वर्कशॉपच्या इमारतीत बायकांसाठी मुतारी नव्हती, म्हणून सकाळपासून पाणी प्यायचं नाही हा आमचा नेम. लोहारकामाच्या तासाला घण उचलताना मागून कोणीतरी हसायचंच. अभियांत्रिकीच्या जागांत मुलींना तीस टक्के राखीव झाल्या ते पुढं. हे सगळं मी वाडीवरच्या मुलींना मोठ्या तोऱ्यात सांगत असे. आपल्याला वाटतं, आपण भोगलं ते सगळ्यांत वाईट होतं.

डिप्लोमाचा रस्ता मी मुद्दाम सुचवला होता, आणि अजूनही तो योग्यच वाटतो. बारावी सायन्स आणि सीईटी म्हणजे शहरातल्या क्लासची दोन वर्षांची फी आणि येण्या-जाण्याचे तास. दहावीनंतर पॉलिटेक्निकला प्रवेश परीक्षा नाही, दहावीच्या मार्कांवर नंबर लागतो, आणि तीन वर्षांनी डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. वाटेत काही बिनसलं तरी हातात डिप्लोमा राहतो, कुठल्याही साइटवर सुपरवायझर म्हणून उभं राहता येतं. लांबून येणाऱ्यांसाठी ही शिडी जास्त भरवशाची. कोविडमध्ये तिनं माथेरानच्या वाटेवरच्या एका कातळावर बसून ऑनलाइन तास केले, कारण रेंज तिथंच. पावसात इरलं पांघरून. त्याचं तिला विशेष काही वाटत नसे. ती वाट बापाच्या पायाखालची होती.

२०२२ च्या पावसाळ्यात डिप्लोमा झाला, सत्त्याहत्तर टक्के. आम्ही पेढे वाटले. मग डिग्रीचा फॉर्म भरायला बसलो आणि एका चौकोनाशी अडकलो. जात वैधता प्रमाणपत्र आहे का? नसेल तर अर्ज केल्याची पावती?

जातीचा दाखला होता. वैधता, म्हणजे सगळे ज्याला 'व्हॅलिडिटी' म्हणतात ती, नव्हती. अर्जच केलेला नव्हता. बारावी सायन्सच्या पोरांचे अर्ज कॉलेजं गोळा करून पाठवतात, डिप्लोमाच्या पोरांना तिच्या कॉलेजात कोणी काही सांगितलं नव्हतं. आणि मी? सहा वर्षं मी तिला वर्गसमीकरणं शिकवली, लघुगणक शिकवले, मोमेंट ऑफ इनर्शिया शिकवलं, आणि एकदाही विचारलं नाही की तुझे कागद कुठवर आलेत. मला सुचलंच नाही. माझ्या आयुष्यात कागद हा कधी प्रश्नच नव्हता. वडील पनवेलच्या व्ही. के. हायस्कूलचे, आजोबा त्याच गावात कारकून. आमच्या घरात शाळेचे दाखले देव्हाऱ्याच्या खणात असत.

घाईघाईनं अर्ज करायला गेलो तर पुरावा मागितला. अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशानं ६ सप्टेंबर १९५० रोजी निघाली, म्हणून त्या तारखेच्या आधीची नोंद हवी. तुमच्या वडिलांच्या बाजूच्या कोणाची तरी शाळेतली नोंद, नाहीतर जन्म-मृत्यूची, गाव नमुना चौदा, कोतवाल बुक, काहीतरी. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, भटक्या विमुक्तांना १९६१, ओबीसींना १९६७, अशा प्रत्येकाच्या तारखा ठरलेल्या.

एक गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात गेली ती अजून उतरलेली नाही. हिच्या समाजाला सवलत कशासाठी? तर पिढ्यान्‌पिढ्या शाळेचं तोंड बघायला मिळालं नाही म्हणून. आणि ते सिद्ध कशानं करायचं? तर पंच्याहत्तर वर्षांपूर्वी तुमचा आजा शाळेत होता हे दाखवून.

चिडून भागत नाही हेही मला कळतं. खोटे आदिवासी या राज्यात थोडे झाले नाहीत. दाखल्यांची पडताळणी करणाऱ्या समित्यांची आजची रीत ठरली ती १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं, आणि तो खटला महादेव कोळी जमातीचे असल्याच्या दाव्याचाच होता. नंतर राज्यानं कायदा केला. नावं सारखी असतात आणि डाव साधला जातो. ठाकरांची कागदावर नोंद बऱ्याचदा 'ठाकूर' म्हणून, आणि हे नाव तर देशभर जहागीरदारांपासून कोणाचंही. म्हणून समितीनं डोळ्यात तेल घालून बघावं हे रास्तच. फक्त चोराच्या वाटेवर लावलेला काटा टोपली घेऊन डोंगर चढणाऱ्याच्या पायात मोडतो.

पुरावा नाही म्हणून अर्ज पुरा नाही, अर्ज पुरा नाही म्हणून पावती नाही, पावती नाही म्हणून राखीव जागा नाही. खुल्या जागेवर नाव लागलं असतं, पण खासगी कॉलेजची फी लाखाच्या घरात. राज्याच्या लोकसंख्येत आदिवासी २०११ च्या जनगणनेप्रमाणे ९.३५ टक्के, अभियांत्रिकीत त्यांच्यासाठी जागा सात टक्के, आणि प्रवेशाच्या फेऱ्या सरत आल्या की त्यातल्या रिकाम्या उरलेल्या दुसऱ्यांना जातात. 'त्यांची मुलं येतच नाहीत हो,' असं प्राध्यापक मंडळी म्हणतात तेव्हा त्यात हिच्यासारख्याही मोजल्या जातात. तिचं ते वर्ष गेलं.

तर ती चौथी शाळा. नोंद तिच्या बापाला सापडली. त्याला वाचता येतं जेमतेम, पण बोट फिरवता फिरवता एका ओळीवर थांबलं. "बाई, ह्यो आमचा म्हातारा."

आजोबा नव्हते, त्यांचे सख्खे चुलतभाऊ होते. नाव, बापाचं नाव, आडनावाच्या रकान्यात रेघ. जात, हिंदू ठाकूर. जन्मतारीख १ जून १९४०. (त्या रजिस्टरात निम्मी पोरं १ जूनला जन्मलेली. पोराच्या तोंडाकडं बघून वय ठरवायचं आणि तारीख एक जून टाकायची, ही मास्तर लोकांची जुनी रीत.) दाखल जून १९४८. नाव कमी केलं नोव्हेंबर १९४८. शेवटचा रकाना शाळा सोडण्याच्या कारणाचा, त्यात बारीक वळणदार अक्षरात 'गुरे राखतो'.

पाच महिने. भाताची कापणी संपली आणि पोरगं गुरांमागं गेलं, एवढीच त्या कुळाची स्वातंत्र्यानंतरची पहिली शाळा. मुंबई प्रांतात १९४७ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला होता. कोणी मास्तर बहुधा पट भरायला वाडीवर गेला असेल आणि हाताला लागला तो पोरगा घेऊन आला असेल. त्या मास्तराचं नाव रजिस्टरात नाही. मला ते फार हवं होतं.

सरांनी प्रवेश निर्गम उतारा लिहून दिला, शिक्का मारला, वर खडूच्या हातानं पुसला. बाप उतारा हातात घेईना, म्हणाला हाताला घाम आहे.

मग वंशावळ, शपथपत्रं, आणि तो म्हातारा आणि हिचा आजा एकाच माणसाचे नातू हे दाखवायची खटपट. काही महिन्यांनी समितीच्या दक्षता पथकाचे दोघं वाडीवर आले. माणसं सभ्य होती. आजीला ओट्यावर बसवून विचारलं, तुमचा देव कोण, लग्नात काय करता, मयताचं काय करता, नाच कुठला? आजीनं वाघदेव सांगितला, कांबडनाच सांगितला, मग थोडा वेळ त्यांच्याकडं बघून विचारलं, "आनि तुमचा देव कोनचा रं?" साहेबांनी हसून सांगितलं. "मंग तुमाला कोन इच्यारतं?" आजी म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

याला आप्तभाव चाचणी म्हणतात. पुढं २४ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं आदिवासी ठाकूर समाजाच्याच एका संघटनेच्या प्रकरणात निकाल दिला, की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, आणि प्रत्येक वेळी ती लागतेच असंही नाही. जुन्या कागदाचं वजन जास्त. निकाल आला त्या दिवशी मी तिला फोन केला. ती म्हणाली, "म्हणजे आजीचा इंटरव्ह्यू फुकट गेला."

वाया गेलेल्या त्या वर्षात ती घरी बसली नाही. पनवेलमध्ये एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागली. दुकानात फॉर्म भरून मिळत, शपथपत्रं टाइप होत, महाडीबीटीची स्कॉलरशिप भरली जाई. चार महिन्यांत तिला कुठल्या फॉर्मला कुठला कागद आणि कुठल्या खिडकीत कोण बसतं हे तोंडपाठ. २०२३ च्या प्रवेशाआधी व्हॅलिडिटी हातात आली. डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला बसली, सिव्हिललाच.

आता शेवटचं वर्ष चालू आहे. ऑक्टोबरमध्ये, नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं त्याच सुमाराला, कॉलेजात कंपन्या यायला लागल्या. पहिल्या कंपनीच्या नोटिसीत अट होती, शिक्षणात खंड नको. तिला बसूच दिलं नाही. मी भडकले, कॉलेजात जाऊन भांडायला निघाले, तिनंच अडवलं. "बाई, अट सगळ्यांनाच आहे." खरं होतं. अट सगळ्यांना सारखी होती, म्हणून तर कोणाच्या लक्षात येत नव्हतं.

दुसऱ्या कंपनीत खंडाची अट नव्हती, पण मुलाखतीत विचारलंच. २०२२-२३ मध्ये काय करत होता? ती म्हणाली, "१९४८ सालचं रजिस्टर शोधत होते, सर." त्यांना वाटलं विनोद केला. मग एकानं तिला ब्लीडिंग ऑफ काँक्रीट विचारलं, गाडी रुळावर आली. निकाल अजून यायचाय.

मागच्या रविवारी वाडीवर गेले होते. रक्ताच्या नात्यात, बापाच्या बाजूनं एकाला व्हॅलिडिटी मिळाली की बाकीच्यांचं काम पुष्कळ सोपं होतं. तिनं घरात प्लायवुडचा एक तुकडा पाटासारखा मांडला होता, समोर भावकीतली सात-आठ माणसं. कोणाचा पोरगा दहावीला, कोणाची पोरगी नर्सिंगला. प्रत्येकाच्या हातात पिशवी, पिशवीत रेशनकार्ड. मूळ प्रमाणपत्र तिनं उंदरांच्या भीतीनं तांदळाच्या डब्यात ठेवलंय, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. मी पोचले तेव्हा एका चुलत्याला ती सांगत होती, तुमच्या आज्याचं नाव आणि ह्या उताऱ्यातल्या म्हाताऱ्याच्या बापाचं नाव एकच आहे का ते आधी आजीला विचारून या.

मला बघून म्हणाली, "बाई, येताना झेरॉक्सचे कागद आणलेत का? अकरा प्रती लागतील."