क्यू.ई.डी. कुणाचं?

भूमितीच्या सिद्धतेखाली क्यू.ई.डी. लिहिलं की सुटलो, असं बऱ्याच मुलांना वाटतं. तिसगावला माझ्या पुतणीनं सरळच विचारलं होतं, "चाचा, आखिर में ये लिखा तो मार्क मिलते ना?"

वही पाहिली. साध्य होतं त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश. तिनं दूरस्थ आंतरकोनांचं प्रमेय वापरून ते चार ओळींत संपवलं होतं. पण पाठ्यपुस्तकात ते प्रमेय याच १८० अंशांवरून सिद्ध होतं! म्हणजे जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलेलं. समांतर रेषा काढून, व्युत्क्रम कोन घेऊन पुन्हा केलं, तेव्हा कुठे जमलं.

'क्वॉद एरात देमॉन्स्ट्रान्दुम' या लॅटिन शब्दांची ही आद्याक्षरं. अर्थ, 'जे सिद्ध करायचं होतं ते'. आपल्याकडे 'इतिसिद्धम्' लिहितात. 'होतं' हा शब्द महत्त्वाचा. काय सिद्ध करायचं ते आधी लिहून ठेवलेलं असतं आणि शेवटची ओळ बरोबर तिथेच पोचावी लागते. जवळपास पोचून चालत नाही. रचनेच्या प्रश्नाखाली क्यू.ई.एफ. असायचं, 'जे करायचं होतं ते'. ते आता कुणी लिहीत नाही.

मध्यंतरी एका ग्रुपवर मेसेज आला. भूमिती मुसलमानांनी जगाला दिली, म्हणे, आणि क्यू.ई.डी. मूळचं अरबी. खाली मुद्दाम क्यू.ई.डी. लिहिलेलं. 'सगळं आमच्या वेदांतच होतं' छापाच्या मेसेजना आपण हसतो, आणि हा मात्र लगेच पुढे पाठवतो.

ते शब्द मुळात युक्लिडच्या ग्रीकमधले. त्याचा ग्रंथ बगदादमध्ये हारून रशीद आणि मामूनच्या काळात अल-हज्जाजनं अरबीत आणला. पुढे इसहाक इब्न हुनैननं नवं भाषांतर केलं, ते साबित इब्न कुर्रानं तपासलं. इसहाक ख्रिस्ती होता, साबित हर्रानचा साबी. अरबीत सिद्धतेच्या शेवटी येऊ लागलं, 'हेच आम्हाला स्पष्ट करायचं होतं'. बाराव्या शतकात इंग्लंडच्या ॲडेलार्डनं अरबीवरून लॅटिन केलं, नंतर थेट ग्रीकवरूनही लॅटिन भाषांतरं झाली. १३व्या शतकात नसीरुद्दीन तूसीनं अरबी ग्रंथाचं नवं संस्करण केलं. त्यावरून अठराव्या शतकात सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या पंडित जगन्नाथानं संस्कृत 'रेखागणित' लिहिलं. त्यासाठी ते अरबी शिकले होते. मला या सगळ्यात हेच सर्वांत आवडतं.

मी हे ग्रुपवर लिहिलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकानं विचारलं, "ख्रिस्ती असो नाहीतर साबी, होते तर बगदादचेच ना?"

साध्य बदललं होतं. मी म्हटलं, हे मान्य, पण आता पहिल्यापासून लिही.