सुकतीची वाट पाहणारं जहाज

स्किपरने जहाज मुद्दाम वाळूवर घातलं. नेदरलँड्सच्या उत्तरेला, फ्रिसलँडचा किनारा आणि टेर्सखेलिंग बेट यांच्यामध्ये, चहूकडे पाणीच पाणी असताना त्याने शिडं उतरवायला लावली, नांगर टाकला आणि तो कॉफी प्यायला खाली निघून गेला. आम्सटेलफेन आणि आइंडहोव्हनची मराठी कुटुंबं डेकवर एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. एका काकूंनी लाइफजॅकेटचे पट्टे पुन्हा आवळून घेतले.

मंडळींना खरं तर ग्रीसला जायचं होतं. पांढरी यॉट, निळंशार पाणी, डेकवर गॉगल लावून पहुडलेली माणसं. मला तो निळा रंग कॅलेंडरवरच बरा वाटतो, त्यामुळे खर्चाच्या हिशोबाने बेत बदलला तेव्हा वाईट वाटलं नाही. ग्रीसऐवजी मिळालं ते डच ‘तपकिरी ताफ्या’तलं दोन डोलकाठ्यांचं लोखंडी क्लिपर. ही जहाजं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बटाटे, धान्य, जळणाचं पीट वाहायची. मालाच्या कोठारात आता बंक बसवलेत. ताफ्याला तपकिरी म्हणतात ते शिडांवरून. कापड कुजू नये म्हणून ते पूर्वी ओकच्या सालीच्या आणि पुढे आशियातून येणाऱ्या काताच्या पाण्यात बुडवत. पानात पडणारा तोच कात. आज शिडं कृत्रिम धाग्याची आहेत, पण रंग राखलाय. स्किपर आणि एक मदतनीस मुलगी एवढेच खलाशी. दोर ओढायचं काम भाडं भरणाऱ्यांनी करायचं.

एन्कहाउझन हे निघण्याचं बंदर. गाव देखणं आहे, पण माझं लक्ष वेधलं ते यान ह्युखेन फान लिन्सखोतेन या माणसाने. हा 1583 साली गोव्यात पोहोचला, तिथल्या पोर्तुगीज आर्चबिशपचा चिटणीस म्हणून पाच वर्षं राहिला आणि परत येऊन या गावात स्थायिक झाला. 1596 साली त्याचं ‘इटिनेरारिओ’ छापून आलं. त्यात गोव्याचा बाजार होता, आंबा-फणस होते, विडा होता. पोर्तुगीजांनी जपून ठेवलेले सागरी मार्गही त्याने त्याच सुमारास छापून मोकळे केले. पुढच्या चाळीसेक वर्षांत डच थेट वेंगुर्ल्याला येऊन वखार थाटून बसले. तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत.

आयसलमेर ओलांडण्यात एक अख्खा दिवस गेला. वारा नव्हता, सांगण्यासारखंही काही नव्हतं. हे एकेकाळचं खारं पाणी. 1932 साली बत्तीस किलोमीटरचा बांध घालून डचांनी त्याचं गोडं तळं केलं. बांधातल्या जलपाशातून पलीकडे गेलं की वाडन समुद्र लागतो आणि तिथे भरती-ओहोटीचं राज्य सुरू होतं.

तर आम्ही त्या राज्यात टेकण्याची वाट बघत होतो. कॉफी संपवून स्किपर वर आला आणि त्याने भरतीचं कोष्टक उघडलं. पाणी ऐन भरतीच्या टोकाला असताना जहाज कधी टेकवायचं नाही, उतरणीला लागल्यावरच टेकवायचं. नाहीतर पुढची भरती जराशी बुटकी आली तरी जहाज जागेवरच. उधाणाच्या पाण्याने उंच वाळूवर चढवून ठेवलं, तर पुढच्या उधाणापर्यंत पंधरवडाभर मुक्काम. मालवणकडच्या एखाद्या तांडेलाला यात नवल वाटलं नसतं. आमच्यातल्या आयटीवाल्यांनी मात्र हे चक्क फोनमध्ये टिपून घेतलं.

मग पाणी जायला लागलं. आधी दूरवर एक पिवळट पट्टा दिसला, मग दुसरा. तळाखाली खर्रकन आवाज झाला आणि जहाज हलायचं थांबलं. तळ सपाट, त्यामुळे ते सरळ उभं राहिलं. जहाज वाऱ्याने आडवं सरकू नये म्हणून दोन्ही कुशींना लावलेल्या फळ्या आधीच वर ओढून घेतल्या होत्या. तळाला खोल, जड कणा असलेली यॉट इथे कलंडली असती. भूमध्य समुद्रात तर तो प्रश्नच येत नाही. तिथल्या बहुतेक किनाऱ्यांवर भरती-ओहोटीचा फरक फूटभराच्या आसपास. इथे तो दोन मीटर.

शिडी लावली आणि सगळे समुद्राच्या तळावर उतरले. पायाखाली घट्ट, सुरकुतलेली वाळू. तिच्यावर पावलोपावली शेवयांसारखी वेटोळी. ती लगवर्म नावाच्या किड्यांची विष्ठा, म्हणजे गाळून टाकलेली वाळूच. या किड्यांवर आणि शिंपल्यांवर आफ्रिका ते सायबेरिया ये-जा करणारे लाखो पक्षी इथे पोट भरतात; 2009 साली हा समुद्र जागतिक वारसा ठरला. मघाशी पट्टे आवळणाऱ्या काकू साडीचा ओचा खोचून सर्वांत पुढे निघाल्या. पोरं इतकी लांब गेली की स्किपरला घंटा वाजवावी लागली.

दुपारी मदतनीस मुलीने स्नेर्ट वाढलं. सुक्या हिरव्या वाटाण्यांचं सूप, त्यात चमचा उभा राहिला तरच ते खरं म्हणायचं. चव बेताची. पण आमच्यातल्या शाकाहारींसाठी तिने सॉसेज वेगळं ठेवलं होतं, आणि आमच्याकडून गेलेला लसणाचा ठेचा तिने त्यात इतका कालवला की तिच्याच डोळ्यांना धार लागली. तरी दुसऱ्यांदा मागितला.

संध्याकाळी पाणी परत आलं, जहाज थरथरलं आणि तरंगलं. टेर्सखेलिंगला ब्रान्डारिस दीपस्तंभ आहे, 1594 सालचा. तो बघितला, क्रॅनबेरीचा मुरंबा घेतला. परतीसाठी सोयीचं पाणी भल्या पहाटेचं निघालं. रविवारी तरी झोपू द्या, असं कुणीतरी कुरकुरलं. स्किपरने कोष्टक त्याच्या हातात दिलं आणि रविवारचा रकाना कुठे आहे ते शोधून काढायला सांगितलं.