चन्नपट्टणचा लाखरंग

बंगळूरहून म्हैसूरकडे निघाले की साधारण 60 किलोमीटरवर चन्नपट्टण लागते. श्रीरंगपट्टणला टिपू सुलतान यांच्या मजारीवर फातिहा पढायला जाणारे पुष्कळ लोक येथे लाकडी खेळणी घ्यायला थांबतात. टिपूंनी इराणी कारागीर बोलावून ही कला येथे रुजवली, असे सांगतात. आजही अनेक मुस्लिम कुटुंबे या कामात आहेत. त्यांची दखनी कानी पडली आणि कन्नड येत नसल्याची आमची अडचण मिटली.

आम्ही मात्र खेळणी घ्यायला गेलो नव्हतो. दादीच्या वेळच्या पाळण्याचा एक सुटा कातीव दांडा सोबत नेला होता. मूळ काम लाखेचे. पुढे त्यावर तैलरंगाचे थर चढत गेले आणि मधली कोरीव वेल बुजली. घरात नवे बाळ येणार होते. "वरून एक हात मारून टाका," असा सर्वांचा आग्रह. पण जुन्या तैलरंगात शिसे असू शकते, आणि दात येताना बाळ दांडा चावणारच.

उस्तादांनी एक कोपरा खरवडला. खालून लाल लाख दिसली. तैलरंगावर लाख धरत नाही, म्हणून तो आधी काढायचा. तोही कोरडा घासून नव्हे. धूळ श्वासात जाते. पाणी लावून घासायचा, लाकूड पूर्ण सुकू द्यायचे.

साफ झालेला दांडा लेथवर फिरू लागला. लाखेची रंगीत कांडी टेकवताच घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर पसरली. मग केवड्याचे पान दाबून धरले आणि चकाकी आली. ब्रश कुठेच नाही! पण कांडी गोल भागावरच चालते, कोरीव खाचांत पोहोचत नाही. तेथे रंग भरू का, असे आम्ही विचारले.

"नको मास्टर साहब. वो बेल वैसीच रहने देव. सब नवा करे तो दादी का पालना कैसा बोलते?"

आम्ही वेल तशीच ठेवली. उरलेले दांडेही आता याच रीतीने करून घेणार आहोत, इन्शाअल्लाह.

आपल्या घरीही अशी जुनी वस्तू असेल, तर रंगाचा डबा आणण्याआधी तिचा एक कोपरा जपून खरवडून पाहा. खाली लाख निघाली, तर ती स्पिरिटने पुसू नका. लाख त्यात विरघळते.