पाचशे कार्डं, आठ चौकोन

जाहिरात म्हटलं की आपल्याला काय आठवतं? क्रिकेटची मॅच, ओव्हर संपली रे संपली की येणारा साबणाचा फेस, नाहीतर हायवेवरचं भलंमोठं होर्डिंग. म्हणजे लाखो लोक बघणार असतील तरच जाहिरातीचा पैसा, असा आपला एक समज! पण ज्याला बघणारी माणसं मोजून पाच-सहाशे, त्याला कुणी दमडी देईल का? मी आणि माझा रूमपार्टनर दौंडकर, आम्ही दोघांनी सेकंड इयरला ह्या प्रश्नाचं प्रॅक्टिकल केलं. (जर्नल कुणी तपासलं नाही, म्हणून इथे लिहितोय.)

मी न्हावऱ्याकडचा, म्हणजे तालुका शिरूर. आमची जुनी माणसं शिरूरला अजून घोडनदीच म्हणतात. शिरूरला रेल्वे नाही. रेल्वे दौंडला, आणि मध्ये पारगावचा पूल, चौफुला आणि एसटीची वाट बघणं! दौंडला पोचलं तरी भानगड संपत नाही. पूर्वी मनमाडकडून पुण्याला जाणारी गाडी दौंड जंक्शनात यायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायची आणि मग पुढे निघायची. आता काही गाड्या जंक्शनात न येता बाहेरच्या बाहेर कॉर्ड लाइनवर थांबतात. त्यामुळे आजी-आजोबा पिशव्या घेऊन जंक्शनात उभे आणि गाडी तिकडे कॉर्ड लाइनला उभी, असा प्रकार होतो. मोबाईलवर सगळं असतं म्हणता? असतं. पण न्हावऱ्याच्या फाट्यावर सकाळची एसटी खरोखर किती वाजता येते हे तिथल्या टपरीवाल्यालाच माहीत असतं, आणि आजीच्या मोबाईलवर फक्त हिरवं बटण चालतं.

दौंडकराने हे वेळापत्रक आधी नेटवर टाकलं होतं, गूगलच्या जाहिरातींसकट. ह्या अ‍ॅडसेन्स योजनेचं थोडं सांगतो, कारण हॉस्टेलवर दर सेमिस्टरला कुणीतरी 'नेटवरून पैसे' नावाचा साक्षात्कार होऊन फिरत असतो. योजना सुरू झाली २००३ साली. मराठी पानांना ती लागू व्हायला २०१८ साल उजाडलं. जाहिरातदार देतो त्यातले शंभरातले साधारण अडुसष्ट आपले, बाकी त्यांचे. दहा डॉलर जमले की पत्ता खरा आहे का हे बघायला टपालाने एक नंबर येतो, आणि शंभर डॉलर जमल्याशिवाय पैसे निघत नाहीत. दौंडकराचं पान अकरा महिन्यांत नऊ हजार वेळा बघितलं गेलं आणि जमा झाले सहा डॉलर चाळीस सेंट! म्हणजे पोस्टमनसुद्धा यायला तयार नाही.

मग कागदाची कल्पना सुचली ती घरी येणाऱ्या तालुक्याच्या साप्ताहिकावरून. तुम्ही कधी असं साप्ताहिक नीट बघितलंय का? बातम्या कमी आणि वाढदिवसाचे अभीष्टचिंतन जास्त. वर साहेबांचा मोठा फोटो, खाली शुभेच्छुकांचे तीस छोटे फोटो. दिवाळी, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि अधूनमधून जाहीर नोटीस, ह्यांवर वर्ष निघतं. आपण हसतो, पण ज्या शुभेच्छुकाने पैसे दिले त्याला अख्खा महाराष्ट्र नकोच असतो. त्याला फक्त साहेबांनी आणि आपल्या आळीने बघायला हवं असतं. तेवढे वाचक त्या पेपरकडे नक्की असतात. (आपल्या लायब्ररीत हे बोललो तर सरांनी 'दीनमित्र'ची गोष्ट सांगितली. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली सुरू केलेलं हे पत्र वर्षानुवर्षे नेवासे तालुक्यातल्या तरवडी नावाच्या खेड्यातून निघत होतं. पुण्या-मुंबईच्या पेपरांशी खपाची बरोबरी करायला नव्हे, तर शेतकरी आणि बहुजन वाचकांसाठी. शुभेच्छुकांच्या फोटोंशी त्याची तुलना नाही, पण खेड्यातून छापून चालवता येतं हे डोक्यात राहिलं.)

तर आमचा माल असा ठरला. पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराचं जाड कार्ड. एका बाजूला दौंडच्या गाड्या, कुठली जंक्शनला आणि कुठली कॉर्ड लाइनला हे ठळक. दुसऱ्या बाजूला शिरूर, न्हावरे, चौफुला, दौंड ह्या वाटेवरच्या एसटी आणि खाली जाहिरातीचे आठ चौकोन. प्रती पाचशे. चौकोनाला चारशे रुपये.

शिरूरच्या मोबाईलवाल्याने पहिलाच प्रश्न टाकला, "खप किती?" मी म्हणालो, "पाचशे." तो हसला. म्हणाला, "एवढी गिऱ्हाइकं तर माझ्याकडे आठवड्याला येतात!" बाहेर पडलो. पुढे कृषी सेवा केंद्र होतं. तिथल्या काकांनी खप विचारलाच नाही. "न्हावऱ्याच्या स्टँडवर लागणार का?" "लागणार." "आणि चौफुल्याला?" "तिथेही." "मग लिही, ठिबकचं सामान आणि बियाणे." झालं! चारशे रुपये रोख.

दौंडला तर आणखी मजा. दौंडात राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, पाच आणि सात नंबरचे. तिथल्या एका वर्दी शिवणाऱ्या टेलरने कार्ड हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाला, "जवान बंदोबस्ताला निघाला की आधी गाडी बघतो आणि मग वर्दी. मला एक चौकोन द्या." आमच्या डोक्यात हा वाचक आलाच नव्हता! मग कुरकुंभ एमआयडीसीच्या कामगारांना डबे देणाऱ्या काकू, एक बांगड्यांचं दुकान, एक सायकल-पंक्चरवाला. पाच चौकोन भरले. तीन उरले.

आणि इथे खरी परीक्षा आली. एका इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाने तिन्ही चौकोन एकदम मागितले, बाराशेऐवजी तीन हजार रोख देऊन. मजकूर असा, की रांजणगाव आणि कुरकुंभ एमआयडीसीत हमखास नोकरी, रजिस्ट्रेशन फक्त दीड हजार. दौंडकराचं मेसचं दोन महिन्यांचं बिल थकलेलं होतं. त्या वर्षी त्यांच्या कांद्याला भाव मिळाला नव्हता, आणि घरी पैसे मागायचे नाहीत असं त्याने ठरवलं होतं. तो म्हणाला, "आपण फक्त कागद छापतोय रे. नोकरी लागते की नाही हे ज्याचं त्याने बघावं." मला ते पटत नव्हतं, पण बिल माझं थकलेलं नव्हतं. त्यामुळे मी तत्त्वज्ञान सांगितलं असतं तर त्याने मला कॉटवरून खाली ढकललं असतं, आणि ते योग्यच झालं असतं.

कार्ड टांगायला ज्यांना विचारायचं होतं त्यांत शिरूर स्टँडजवळचा एक चहावाला होता. दौंडकराने त्याला तो मजकूर वाचून दाखवला. त्याने गाळणी आपटली आणि विचारलं, "हे माझ्या टपरीवर टांगणार?" "हो." "मग पोराचे दीड हजार गेले की बाप कोणाकडं येणार? त्या शर्टवाल्याकडं का माझ्याकडं?" आणि दोन कटिंग पुढे सरकवले.

परतीच्या एसटीत दौंडकर चौफुल्यापर्यंत एक शब्द बोलला नाही. चौफुल्याला उतरल्यावर त्याने फोन लावून त्या माणसाला नाही सांगितलं. मेसचं बिल त्याने दिवाळीच्या सुट्टीत कुरकुंभला एका स्टोअरमध्ये हेल्परी करून फेडलं. घरी गेला तो फक्त पाडव्याला.

उरलेले तीन चौकोन मग तुकड्या-तुकड्याने गेले. टेलरने दुसरा घेतला, एका फोटो स्टुडिओने एक घेतला, आणि एका हॉटेलवाल्याने चारशे रुपयांऐवजी दोन राइसप्लेट आणि "पुढच्या खेपेला बघू" एवढं दिलं. असो! हिशेब असा: जमा २,८००, छपाई १,७५०, एसटीचं भाडं ३८०, शिल्लक ६७०. म्हणजे माणशी ३३५ रुपये. कोटी तर राहू द्या, एक चांगलं सायंटिफिक कॅल्क्युलेटरही आलं नसतं.

पण इंजिनिअर मंडळींसाठी दुसरा हिशेब. नेटवर हजार वेळा बघितल्यामागे साधारण साठ रुपये पडले होते, तेही हातात न आलेले. कार्डावर हजारामागे ५,६०० रुपये. नव्वद पटीहून जास्त! (टांगलेलं एक कार्ड शंभर जण वाचतात, त्यामुळे ही तुलना थोडी लबाडीची आहे, हे आमच्या सरांनी लगेच दाखवून दिलं. तरी छपाईचा खर्च वजा जाऊन खिशात आले ते ह्याच.) गूगलला माहीत होतं की कुणीतरी नऊ हजार वेळा बघितलं. टेलरला माहीत होतं की कोण बघणार.

एक खर्च मात्र आम्ही धरलाच नव्हता. कार्डाच्या कोपऱ्यात 'वेळ बदलल्यास कळवा' म्हणून माझा नंबर टाकला होता. लोकांनी कळवण्याऐवजी विचारायला सुरुवात केली. एसटीच्या दोन वेळा बदलल्या तेव्हा आम्ही बॉलपेन घेऊन चाळीस ठिकाणी जाऊन कार्डं दुरुस्त केली. ऐन पीएलमध्ये, एम-थ्रीच्या आदल्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन. "बाळा, कार्डावर सहा वीस लिवलंय. गाडी आली न्हाई अजून." मी डोळे चोळत स्टँडवरच्या चहावाल्याला फोन लावला. तो म्हणाला, आत्ताच सुटली. आजीला तसं सांगितलं. पंधरा मिनिटांनी परत फोन. "आली बरं का," आणि ठेवून दिला.

दुसरी आवृत्ती मे महिन्यात काढतोय. चौकोन दहा केलेत, दर पाचशे. चहावाल्याने पहिला चौकोन धरलाय आणि दौंडकर म्हणतो, ह्या खेपेला नंबर माझा टाक.