पर्स सांभाळणारीचं तिकीट

करमणुकीच्या मोठ्या बागेत, म्हणजे आपली मुलं ज्याला सरळ ‘पार्क’ म्हणतात तिथे, कुठल्याही झुल्याजवळ जाऊन बघा. बाकावर एक बाई बसलेली दिसेलच. मांडीवर तीन पर्सा, पायाशी चपलांचे पाच जोड, एका हातात सगळ्यांचे मोबाइल आणि खांद्यावर धाकट्याचा ओला टॉवेल. ती झुल्यात बसत नाही. कुणाला चक्कर येते, कुणाला ब्लडप्रेशर असतं, कुणाला साडी आवरत त्या खुर्चीत बसायचं नको वाटतं. आणि सामान तर कुणीतरी सांभाळायलाच हवं. तिचं तिकीट मात्र पूर्ण! जो पोरगा दिवसभरात पंधरा वेळा उलटापालटा होऊन येतो त्याच्यापेक्षा जास्तच, कारण तो उंचीला कमी म्हणून त्याला सवलत.

माझं तर म्हणणं असं, की असली बाग चालणार की बसणार हे बाकावरच्या त्या बाईवर बरंचसं अवलंबून असतं. मुलांना काय, कुठेही नेलं तरी मजाच येते. पण पुन्हा जायचं की नाही, शेजारणीला “एकदा जाच” म्हणायचं की “कशाला जाता, उगाच खर्च” म्हणायचं, हे तीच ठरवते.

आमच्याकडच्या पाळणेवाल्यांना हे न शिकवता कळलेलं आहे. नाकाडोंगरी हे भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यातलं गाव. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ही मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. एकेका गावाचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी लेकी-जावई, पाहुणेरावळे येतात, दंडार होते, रात्री नाटक असतं, आणि मधल्या वेळात शिंगाडे, जिलेबी, बांगड्या नि आकाशपाळणा. पाळण्याचा दर एका फेरीचा. जो बसेल त्याचे पैसे. खाली उभी राहून मान वर करून बघणाऱ्या आईला कुणी काही मागत नाही. उलट पाळणेवाल्याचं लक्ष तिच्याकडेच असतं. पोर घाबरलं आणि आईने हात वर केला, की चाक थांबतं. लहानग्याला एकटं बसवेना, तर “बाई, तुम्ही बसा संगं, तुमचे पैसे नका देऊ” म्हणतो. गर्दी ओसरली की दोन चकरा वरच्या देतो. त्यात त्याचं जातं काय? चाक फिरतंच आहे. पण ती बाई पुढच्या गावच्या मंडईत त्याच पाळण्याकडे पोरं घेऊन येते.

सुरक्षेचं म्हणाल, तर त्या पाळण्याच्या नटबोल्टांकडे बघून माझा जीव खालीवर होतो. त्या बाबतीत मोठ्या बागेतला पट्टा, कुलूप आणि उंची मोजायची काठी मला शंभरदा पटते.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही नागपूरकडच्या अशाच एका बागेत गेलो होतो. आमचे हे, सासूबाई, दोन मुलं, नणंदेची मुलगी आणि मी. पहाटे चारला उठून पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लोणचं असा डबा केला, जीप ठरवली आणि तुमसर, भंडारा करत पोचलो. फाटकावर पिशवी उघडली गेली आणि डबा बाहेर. “बाहेरचं खाणं चालत नाही.” बरं, कँटीन चालायला हवी हे मलाही समजतं. पण सासूबाईंना साखरेचा त्रास, त्यांना वेळेवर थोडंथोडं खावं लागतं. तसं सांगितलं, तर माणसाने वर न बघताच “नियम आहे” एवढंच उत्तर दिलं. ज्येष्ठांना सवलत होती, पण मूळ आधारकार्ड दाखवा म्हणाले. मोबाइलमधला फोटो चालेना. म्हणजे बाहत्तर वर्षांच्या, गुडघे धरून चालणाऱ्या बाईचंही पूर्ण तिकीट!

आत गेल्यावर पाण्यात उतरायचं तर नायलॉनचे कपडे हवेत. ते भाड्याने, वर अनामत रक्कम. सामानाच्या कपाटाचं भाडं वेगळं, त्याचीही अनामत. सुती कपड्याचे धागे सुटून पाण्याच्या गाळण्या तुंबतात, तेव्हा ह्या नियमाला अर्थ आहे. पण हे सगळं निघण्याआधी फोनवर विचारलं तेव्हा सांगितलं असतं तर? फोनवर फक्त माणशी दर सांगितला. संध्याकाळी अनामत परत घ्यायला पाऊण तास रांगेत उभं राहिलो, तेव्हा मुलांचा दिवसभराचा आनंद रडकुंडीला आला होता. बायकांच्या संडासाबद्दल लिहीत नाही. तुम्ही समजून घ्या.

आणि तरी गंमत बघा. कपाटांच्या खोलीत एक तरुण मुलगी कामाला होती. सासूबाई भिंतीला टेकून उभ्या दिसल्या तशी ती उठली, स्वतःची खुर्ची आणून पंख्याखाली ठेवली आणि म्हणाली, “आजी, इथंच बसा, पोरांना मी सांगते तुम्ही कुठं आहात ते.” थंड पाण्याचा ग्लासही आणून दिला. त्या एका खुर्चीपायी सासूबाई आजतागायत त्या बागेचं नाव बरं घेतात! मालकाने जाहिरातीवर किती खर्च केला असेल कोण जाणे. आमच्या घरात त्याच्यासाठी बोलणारं माणूस तयार केलं ते त्या पोरीने.

सरसकट तिकीट का लावतात, तेही बघायला हवं. झुल्यांची यंत्रं, वीज, जीवरक्षक, पाण्याची सफाई हा खर्च पन्नास माणसं आली काय आणि पाच हजार आली काय, बहुतेक तेवढाच. त्यात मुलांच्या सुट्ट्या आणि शनिवार-रविवार सोडले तर गर्दी बेताचीच. सरकारचा करही असतो. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा अशा बागांच्या तिकिटावर २८ टक्के लागला. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आणला. तेव्हा फाटकावरच एकरकमी घेणं मालकाला सोयीचं. आपल्या भरपेट थाळीसारखंच हे. पोटभर जेवणाऱ्याला थाळी परवडते, पण दोन घास खाणाऱ्या आजीला तोच दर लावला की टोचतं.

अमेरिकेतलं डिस्नेलँड १९५५ साली उघडलं, तेव्हा तिथेही आपल्या मंडईसारखंच होतं. आत जायचा मोठ्यांचा एक डॉलर आणि झुल्यांचे पैसे निराळे. मग झुल्यांच्या तिकिटांची पुस्तकं निघाली, ती १९८२ मध्ये बंद होऊन सगळ्याचं मिळून एकच तिकीट आलं. ह्या वॉल्ट डिस्नेला बागेची कल्पना सुचली कुठे, तर लॉस एंजेलिसच्या एका बागेत! त्याच्या मुली लाकडी घोड्यांवर बसून गोल फिरत होत्या आणि हा बाकावर शेंगदाणे खात बसला होता. आईबापांनी नुसतं बसून राहायचं, त्यांनाही मुलांबरोबर मजा येईल अशी जागा का नसावी, असं त्याच्या मनात आलं, हे त्याने स्वतःच सांगून ठेवलं आहे. म्हणजे बाकावरच्या माणसापासून सुरू झालेला हा धंदा, आणि त्या बाकालाच विसरला!

आपल्या महाराष्ट्रात मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड सुरू झालं. एका पिढीने होडीने खाडी ओलांडून ते बघितलं. २०२२ मध्ये ते बंद झालं. खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका उघडलं, तेही कर्जावर फार मोठा पैसा ओतून. कर्जाचा बोजा झेपेना, त्यात २०२० मध्ये कोरोनाने फाटकं बंद केली, आणि २०२२ मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाने हाती घेतलं. ह्याउलट केरळात कोचीला २००० साली वीगालँड निघालं, तेच पुढे वंडरला झालं. बंगळूर, हैदराबाद असं ते वाढत गेलं. त्यांचे बरेच झुले ते स्वतःच्याच कारखान्यात बनवतात. घरी कुटलेल्या मसाल्याचा हिशेब आपल्याला कुणी समजवायला नको. भांडवल कर्जाचं असलं की व्याज निघायला हवं म्हणून दर चढतो, आणि दर चढला की आमच्यासारखं बिऱ्हाड पाच वर्षांतून एकदा जातं. धंद्यात आणखी हजार गोष्टी असतील, पण मला ह्यातली ही एक गोष्ट पक्की दिसते.

आता ह्या वर्षीचं सांगते. आमच्या बचत गटात तेरा जणी आहोत. वर्षाकाठी एक सहल काढायची, असं ठरलं. कुणी म्हणे गायमुखला महादेवाच्या दर्शनाला जाऊ, कुणी म्हणे चांदपूरला. पण पोरांनी पार्कचाच धोशा लावला. तेरा जणी आणि वीसेक मुलं म्हणजे खेळ नव्हे. एक दिवसाची मौज, पण कुणाच्या घरी त्यात महिन्याचा किराणा येतो. दोघीजणी तर पोरांना तुमच्याबरोबर पाठवतो, आम्ही येत नाही म्हणाल्या. का, ते कुणी विचारलं नाही. म्हणून ह्या खेपेला मी आधी तीन ठिकाणी फोन केले आणि तिन्हीकडे तोच प्रश्न विचारला: ज्या बायका झुल्यात बसणार नाहीत, पाण्यात उतरणार नाहीत, त्यांना काय दर?

पहिल्याने “मॅडम, आत आलं की तिकीट लागतंच” म्हणून फोन ठेवला. दुसऱ्याने शाळेच्या सहलीचे दर घडाघडा म्हणून दाखवले. तिसऱ्या ठिकाणी एक मुलगी बोलत होती. ती म्हणाली, “ताई, एक मिनिट. अशा किती जणी आहेत तुमच्यात?”

मी तिला थांबवून मोजलं. सात निघाल्या.

साहेबांना विचारून संध्याकाळी तिचाच फोन आला. त्या सात जणींना निम्मं तिकीट, वयस्करांचा आणि औषधपाण्याचा डबा आत चालेल, आणि कपड्यांचं भाडं किती, अनामत किती, हेही तिने न विचारता सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं. दर पहिल्या ठिकाणाहून थोडा जास्तच आहे. शनिवारच्या बैठकीत वही सगळ्यांपुढे ठेवली, तशी न येणाऱ्या दोघींतली एक म्हणाली, “निम्मं असन तर मी बी येतो बाई.” दुसरीचं अजून ठरायचं आहे. गाडीवाल्याला मेच्या दुसऱ्या रविवारचं सांगून ठेवलं आहे.