पनवेलहून पत्रे: वर्दी आणि पहारा

पनवेल,
पौष, शके 1947

तीर्थस्वरूप काकांचे चरणी बालकाचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

प्रवास सुखाचा झाला. निघतेवेळी आपण आज्ञा केली होती की, मुंबईच्या उंबऱ्याशी येऊन ठेपलेल्या या तालुक्यातील खेडी आपला बंदोबस्त आता कसा राखतात, गावची खबर गावाला कोण देतो आणि पोलीस पाटलाच्या शब्दाला तेथे काही वजन उरले आहे की नाही, हे स्वतः पाहून सविस्तर लिहावे. आपण ऐन उमेदीची वर्षे पाटीलकीच्या कामात घालविली असल्यामुळे ही चौकशी केवळ कुतूहलाची नाही, हे ध्यानी धरून लिहितो.

पनवेल हे जुने बंदर आणि बोरघाटाच्या वाटेवरचे ठाणे. येथे 1852 साली नगरपालिका स्थापन झाली, म्हणजे या देशात पहिली आगगाडी धावण्याच्याही आधी. पुढे 1970 साली नवी वसाहत उभारणाऱ्या सिडको महामंडळाची स्थापना झाली, भाताची खाचरे आणि मिठागरे संपादनात गेली, आणि 1 ऑक्टोबर 2016 रोजी पनवेलची महानगरपालिका झाली, तेव्हा खारघर, कळंबोली, कामोठे यांसारख्या वसाहतींबरोबर आसपासची 29 गावेही तिच्या हद्दीत आली. गाव शहराच्या हद्दीत गेले म्हणजे रस्ते, दिवे आणि नळ यांची तजवीज सुधारते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याबरोबर ग्रामपंचायत जाते, ग्रामसभा जाते, आणि पंचायतीच्या ओसरीवरचा काळा फळाही जातो, ज्यावर खडूने लिहिलेला मजकूर येता-जाता प्रत्येकाच्या दृष्टीस पडत असे.

असा एक फळा काल नेऱ्याच्या बाजूस, हद्दीबाहेर राहिलेल्या एका गावी पाहिला. त्यावर चार सूचना होत्या. नळाचे पाणी उद्या सकाळऐवजी दुपारी येईल. बालकांच्या लसीकरणासाठी परिचारिका बुधवारी अंगणवाडीत बसतील. डाव्या शिंगाचा टवका उडालेली तांबडी गाय सोमवारपासून घरी आलेली नाही, आढळल्यास कळवावे. आणि ज्यांनी खोल्या भाड्याने दिल्या आहेत त्यांनी भाडेकरूंची माहिती व ओळखपत्राच्या प्रती शनिवारपर्यंत पोलीस ठाण्यात द्याव्यात. पहिल्या तीन सूचना आपल्या गावी पन्नास वर्षांपूर्वीही लिहिल्या गेल्या असत्या. चौथी मात्र या तालुक्याची आजची स्थिती सांगते. कारखान्यांत, गोदामांत आणि बांधकामांवर राबणारे असंख्य लोक दूरदूरच्या प्रांतांतून येथे येऊन राहिले आहेत, आणि जमीन गेलेल्या शेतकऱ्याला खोल्यांचे भाडे हाच निर्वाहाचा आधार झाला आहे. त्यामुळे ज्या गावात अनोळखी पाऊल वाजले की कुत्र्याआधी म्हातारी ओसरीवर येत असे, तेथे आता निम्मी तोंडे अनोळखी आहेत. हे लोक वाईट आहेत असे मुळीच नव्हे. त्यांची नावे गावाला ठाऊक नाहीत आणि गावाची त्यांना ठाऊक नाहीत, एवढेच. परंतु रात्री कोणाच्या दारावर थाप मारावी हे जेथे दोन्हीकडच्यांना कळत नाही, तेथे बंदोबस्ताचा पायाच डळमळतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

नवी मुंबई विमानतळाच्या कामी तरघर, कोंबडभुजे, उलवे, कोपर, कोल्ही, चिंचपाडा आदी दहा गावांतील घरे उठली. त्या विमानतळाचे उद्घाटन गेल्या ऑक्टोबरात झाले. मोबदला मिळाला, भूखंड मिळाले, नवी घरेही झाली. परंतु आळीच्या क्रमाने शेजारी बसविणे कोणत्याही नकाशात जमत नाही. कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, कोणाचा मुलगा रात्रपाळीला जातो, ही माहिती पिढ्यान्‌पिढ्या न लिहिता जपलेली असते, आणि तिचा पंचनामा करण्याची पद्धत अद्याप कोणत्याही दप्तरात नाही.

दुसरे पत्र शिरढोणहून पाठवितो.

आपला पुतण्या.


शिरढोण,
दोन दिवसांनी

तीर्थस्वरूप काका यांसी, सा. न. वि. वि.

पनवेलहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गाला लागले, की पळस्पे मागे पडल्यावर थोड्याच अंतरावर हे शिरढोण लागते. आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म 4 नोव्हेंबर 1845 रोजी येथे झाला. त्यांच्या स्मृतीस नमस्कार करून बसलो असता आपल्याच विषयाचा एक विलक्षण धागा हाती आला, तो जरा विस्ताराने लिहितो.

फडक्यांनी 1879 साली ज्या रामोशांना हाताशी धरून बंड उभारले, ते रामोशी म्हणजे देशावरील गावांचे वंशपरंपरागत रखवालदार. गावात चोरी झाली तर माग काढावा, माग गावाच्या शिवेबाहेर नेऊन दाखवावा, नाहीतर भरपाई द्यावी, अशी त्यांची जबाबदारी. आणि त्याबद्दल गावाकडून धान्य आणि इनाम असा त्यांचा हक्क. इंग्रजी अंमलात बंदोबस्ताची घडी बदलली, पुष्कळांचे हक्क बुडाले, वर 1876 ते 1878 चा घोर दुष्काळ पडला, आणि गावाच्या वाटा, वाडे, तिजोऱ्या यांची खडान्‌खडा माहिती असणारे हे लोक उपाशी राहिले. मे 1879 मध्ये फडक्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांच्या टोळीने घाट उतरून ज्या पळस्प्यावर आणि चिखल्यावर धाड घातली, ती ठिकाणे येथून हाकेच्या अंतरावर आहेत. सुमारे दीड लाखाचा ऐवज घेऊन परतताना इंग्रज अधिकारी मेजर डॅनियल याच्या तुकडीने नाईकांना गाठले आणि ते गोळीला बळी पडले. जुलैत स्वतः फडके पकडले गेले, आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला.

फडक्यांच्या ध्येयाविषयी माझ्या मनात आदराखेरीज दुसरी भावना नाही. परंतु गावाच्या रक्षणाचा विचार करणाऱ्याने यातून एवढे टिपून ठेवावे की, ज्याच्या हाती गावची माहिती आणि रात्रीचा पहारा आहे, त्याचे पोट आणि त्याचा मान गावाने सांभाळला पाहिजे. 1867 चा मुंबई ग्राम पोलीस कायदा पाटलाला सरकारचा बातमीदार करून गेला. शंभर वर्षांनी, 1967 साली, महाराष्ट्राने आपला अधिनियम केला, आणि त्याच दशकात पाटीलकीचे पिढीजात वतन संपून नेमणूक गुणांवर होऊ लागली, ही गोष्ट निःसंशय न्यायाची झाली. त्या अधिनियमाने पोलीस पाटलावर टाकलेल्या कर्तव्यांत गुन्ह्यांबरोबरच गावच्या आरोग्याची आणि एकंदर परिस्थितीची खबर दंडाधिकाऱ्याला सतत देत राहणे हेही आहे. चोर आणि पटकी यांची वर्दी एकाच माणसाने द्यावी, ही कायद्याची दृष्टी मला फार शहाणपणाची वाटते.

आता प्रत्यक्ष पहाऱ्याविषयी. काल रात्री कर्नाळ्याच्या पायथ्याकडील एका गावी गस्तीच्या तरुणांबरोबर होतो. घरफोड्यांच्या वार्तांमुळे ग्रामरक्षक दलाने पाळ्या लावल्या आहेत. एका पाळीस सहा जण, हाती काठ्या, विजेऱ्या आणि शिट्ट्या, आणि ठाण्याचा फोन क्रमांक प्रत्येकापाशी. हे दिवस वालाच्या शेंगांचे असल्यामुळे वावराच्या कडेला पोपटी लावली होती. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, ओवा आणि जाडे मीठ, मध्ये बटाटे आणि अंडी, वरून पुन्हा पाला दाबून तोंड बंद. मग मडके पालथे घालून भोवती गवत व काटक्यांचा जाळ. पाऊण तासाने एकाने त्या तापल्या मडक्यावर पाण्याचा हबका मारला, चर्र आवाज आला, आणि पोपटी झाली असे सर्वांनी ठरविले. त्या शेकोटीपाशी अर्धे गाव येऊन गेले. परप्रांतीय भाडेकरूंपैकी दोघांना एका तरुणाने हाका मारून बोलाविले, शेंगा हातावर ठेवल्या आणि नावे विचारून घेतली. त्यांतील एकाने पुढच्या आठवड्यापासून आपणही पाळीला येतो असे सांगितले. काका, ठाण्यात दिलेल्या ओळखपत्राच्या प्रतीने जे काम एरव्ही अर्धेच झाले असते, ते त्या दहा मिनिटांत पुरे झालेले मी पाहिले.

शेजारधर्मावर उभा राहिलेला असा पहारा परदेशीही आढळतो. इंग्लंडातील चेशर परगण्यात मॉलिंग्टन नावाच्या खेड्यात 1982 साली रहिवाशांनी पोलिसांच्या साह्याने शेजाऱ्यांचा पहारा सुरू केला, आणि तीच त्या देशातील अशा योजनांची सुरुवात मानली जाते. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या घराकडे लक्ष ठेवावे, संशयास्पद काही दिसल्यास स्वतः हात न उगारता पोलिसांना कळवावे, एवढाच तिचा मूळ सिद्धान्त. तो आमच्या चावडीला अपरिचित नव्हता. मात्र ‘हात न उगारता’ या अटीविषयी मला जे म्हणावयाचे आहे, ते पुढील पत्री लिहितो.

आपला पुतण्या.


चौक, तालुका खालापूर,
त्याच सप्ताहाअखेर

तीर्थस्वरूप काकांचे सेवेशी, साष्टांग नमस्कार.

जुन्या पुणे रस्त्याने चौकास आलो आहे. येथून इर्शाळगडाचा सुळका स्पष्ट दिसतो आणि त्याखाली डोंगराची उजाड झालेली बाजूही दिसते. 19 जुलै 2023 च्या रात्री, अतिवृष्टी चालू असता, तेथील इर्शाळवाडी या ठाकरांच्या वस्तीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसे बेपत्ता म्हणून शोध थांबवावा लागला. वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदतीस निघालेल्यांना अंधारात, पावसात, निसरडी पायवाट चढून जावे लागले, आणि यंत्रे वर नेता न आल्यामुळे माती हातांनी आणि फावड्यांनी उपसावी लागली. दरडप्रवण गावांची जी यादी शासनदप्तरी होती, तिच्यात या वाडीचे नाव नव्हते. वाचलेल्यांना पुढे चौकजवळ पक्की घरे बांधून देण्यात आली.

मी तेथे फार प्रश्न विचारले नाहीत. ज्याने घर गमावले आहे त्याच्यापुढे वही उघडणे मला प्रशस्त वाटले नाही. परंतु यादीचा विचार मनातून जात नाही. डोंगराला भेग पडते, झऱ्याचे पाणी गढूळ येते, झाडे कलतात, ही लक्षणे प्रथम गुराख्याला आणि पाणी भरणाऱ्या बाईला दिसतात. ती तालुक्याच्या दप्तरापर्यंत पोहोचण्यासाठी मध्ये कोणी उत्तरदायी माणूस असावा लागतो, आणि त्याने आणलेली खबर तेथे लिहून घेतली जावी लागते. यासाठीच मी म्हणतो की गावची बातमी आणि गावचे रक्षण ही दोन खाती नाहीत.

आता मागल्या पत्रातील ‘हात न उगारता’ या अटीविषयी. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून पोट भरण्यासाठी आलेले होते, आणि त्यांना मारहाण झाली ती ग्रामपंचायतीच्या खोलीत. 16 एप्रिल 2020 रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांचा तसाच बळी गेला. त्या परिसरात चोरांच्या अफवा उठल्या होत्या आणि माणसे रात्रीचा पहारा करीत होती. हे लिहिताना हात जड होतो. ज्या जागरूकतेचे गोडवे मी मागल्या पत्रात गायिले, तीच जागरूकता खोट्या बातमीवर पोसली गेली म्हणजे निरपराध वाटसरूचा जीव घेते. दोन्ही ठिकाणी माणसे जागी होती आणि संख्येने पुष्कळ होती. परंतु आलेली खबर कोणी दिली, कोणी पाहिली, कोणाच्या जबाबावर ती खरी धरावी, हे विचारणारा आवाज त्या गर्दीत टिकला नाही.

पूर्वी कोतवाल दवंडी देई तेव्हा ती पाटलाच्या हुकमाने देई. दवंडी खोटी निघाली तर कोणाला जाब विचारावा हे गावाला माहीत असे. आज खबर मोबाइलवरून येते, क्षणात शंभर घरी जाते, आणि तिच्यामागे नाव नसते. साधन वाईट नाही. पुणे, नाशिक आदी जिल्ह्यांतील गावांत चालणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा याच साधनाचा उत्तम उपयोग करते: नोंदणी केलेला गावकरी ठरावीक निःशुल्क क्रमांकावर बोलतो, आणि त्याचा आवाज त्याच क्षणी नोंदलेल्या सर्व फोनांवर ऐकू जातो. चोर असो, बिबट्या असो, आग असो की पूर, मदत धावते. आणि बोलणारा कोण हे गावाला कळत असल्यामुळे अफवेला तेथे सहज थारा मिळत नाही. या तालुक्यात ज्या गावांत अशी सोय नसेल, तेथे ती पंचायतीने आणि ठाण्याने मिळून करावी, असे मी येथील दोघातिघा सरपंचांशी बोललो आहे.

काका, आपल्या गावच्या पुढल्या ग्रामसभेत आपण वडीलकीच्या नात्याने दोन ठराव मांडावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गस्तीच्या वहीत ‘खबर देणाऱ्याचे नाव’ आणि ‘खातरजमा कोणी केली’ असे दोन रकाने आखावेत, आणि ते भरल्यावाचून कोणतीही सूचना गावच्या मोबाइलवरील गटावर टाकू नये. आणि अनोळखी माणूस रात्री आढळल्यास त्याला बसवावे, पाणी द्यावे, 112 वर कळवावे, पोलीस येईपर्यंत त्याच्या अंगाला कोणी बोट लावणार नाही याची जबाबदारी पाळीच्या प्रमुखाने लेखी घ्यावी. सध्याच्या पोलीस पाटलांस हे पत्र वाचून दाखविण्यास हरकत नाही.

काकूंस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. मी येत्या एकादशीच्या आत घरी येतो.

आपला आज्ञाधारक पुतण्या.